जिवंतांची चिठ्ठी

“वय काय त्यांचं?” पापा-इग्नातिसनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “एकोणीस.”

रविवारची प्रार्थना संपून लोक पांगले होते. मी मेणबत्त्यांच्या पेटीपाशी हातमोजे चढवत उभी होते आणि हा माझी चिठ्ठी हातात धरून वेदीच्या बाजूच्या दारातून बाहेर आला होता. नवा पाद्री, म्हणून नावाआधी ‘पापा’. पस्तिशीचा असेल. सप्टेंबरात आला तेव्हापासून वस्तीतल्या एकेका घराचा जिना चढून कोण आजारी, कोण एकटं, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, सगळं विचारून घेतो. आधीचे म्हातारे फादर बरे होते. आमच्याकडे घरी भाजलेल्या गोल भाकरीबरोबर दोन चिठ्ठ्या द्यायच्या असतात, एक जिवंतांची आणि एक गेलेल्यांची. म्हातारे फादर त्यांवरची नावं सुसाट वाचत सुटायचे. कोण कुठल्या चिठ्ठीत आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसायचं. हा मात्र प्रत्येक नावापाशी थांबतो म्हणे. थांबला की पंचाईतच.

“जिवंतांच्या चिठ्ठीत पहिलं नाव यांचंच असतं,” तो म्हणाला. “पानागिस. मला वाटलं, अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल. म्हटलं, घरी येऊन भेटावं.”

“तो प्रवासात आहे.”

“भाचा का तुमचा?”

“भाऊ.”

“धाकटा?”

“थोरला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.”

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मी चौऱ्याहत्तरची आहे आणि दिसतेही तेवढीच. त्यानं मनातल्या मनात केलेली वजाबाकी मला त्याच्या कपाळावर दिसली. उत्तर त्यानं बोलून दाखवलं नाही, एवढी माणुसकी त्याच्यात होती. “फ्रोसोमावशी,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी तुम्हाला शिकवायला आलो नाही. पण हे नाव मी देवापुढं घेतो. तीस तारखेला संत आंद्रियाचा सण आहे, त्या दिवशी नव्या चिठ्ठ्या लिहून द्या. ज्या चिठ्ठीत तुम्ही लिहाल त्या चिठ्ठीत मी वाचीन. फक्त लिहाल ते खरं मानून लिहा.” तो वळला, पुन्हा थांबला. “आणि हो, उद्यापासून संत आंद्रियाची प्रतिमा साफ करायला घेतोय. साठ वर्षांचा धूर बसलाय. चेहराच दिसत नाही बिचाऱ्याचा.”

चेहरा दिसत नाही! मला गेली एकसष्ट वर्षं त्या प्रतिमेत दुसरं काही दिसलेलंच नाही.

घरी जायच्या ऐवजी पाय आपोआप खाली समुद्राकडे वळले. वारा सुटला होता, समोरचे दोन्ही डोंगर धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ दिसत होते. धक्क्यालगतच्या मनुकांच्या वखारींत आता कॉफीची दुकानं आहेत, पोरं-पोरी बाहेर खुर्च्या टाकून बसलेली असतात, पण भिंतीजवळून गेलं की मला अजून मनुकांचा गोड, थोडा आंबूस वास येतो. बाकी कुणाला येत नाही. पानागिस गेला तो मनुकांच्याच बोटीवरून. चौसष्टच्या ऑगस्टची अखेर, नव्या हंगामाचा पहिला माल, बोट वाटेतली बंदरं घेत इटलीत त्रिएस्तेला जायची होती. आईनं निघताना त्याचे केस पाणी लावून विंचरले, आणि घरापासून कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर ते पुन्हा चारी दिशांना उभे राहिले. त्याचे केस कधी बसलेच नाहीत. धक्क्यावर तो मला म्हणाला, “फ्रोसो, काय आणू तुला?” मी म्हटलं, “रंगीत पेन्सिली. बारा.” “बारा कशाला? बारा प्रेषित बसवायचेत का घरात?” असं म्हणून त्यानं माझी वेणी ओढली आणि फळीवरून उड्या मारत वर गेला. मला राग आला होता, वेणी दुखली होती, म्हणून मी हात हलवला नाही. इतर बायका हात हलवत होत्या, आई तर डोक्यावरचा रुमाल सोडून हलवत होती, आणि मी वेणी चोळत उभी. या एका गोष्टीवर मी आयुष्यात जितका विचार केलाय तितका लग्नावरसुद्धा केला नाही. ते राहूनच गेलं, तो भाग वेगळा.

बोट पोचली नाही. कोणी म्हणालं अल्बानियाच्या किनाऱ्याला लागली असेल आणि तिकडच्या सरकारनं धरून ठेवली असेल, कोणी म्हणालं इंजिन बिघडलं असेल. सप्टेंबर निम्मा उलटला. आणि त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेला आमच्या संताचं, आंद्रियाचं, शिर रोमहून परत आलं. पाचशे वर्षांपूर्वी तुर्कांच्या भीतीनं ते तिकडे नेलं होतं, आता ते परत देत होते. आमचं अख्खं पात्रास शहर समुद्रावर लोटलं होतं. खिडक्यांतून गालिचे लोंबत होते, म्हातारी माणसं रस्त्यावर गुडघे टेकत होती, घंटा इतक्या वाजत होत्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आईच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला बाबा, तिचा दंड धरून. रुप्याची पेटी आमच्यासमोरून गेली तेव्हा सगळा जमाव तिच्याकडे पाहत होता, एकटे बाबा आईच्या बुटांकडे पाहत होते. मला वाटलं, गर्दीत तिच्या पायावर कोणी पाय देईल म्हणून पाहतायत. आई माझ्या कानाशी वाकून ओरडली, “बघितलंस? पाचशे वर्षांनी आला! अख्खा शहीद झालेला माणूस पाचशे वर्षांनी घरी येतो, मग माझा धडधाकट मुलगा यायचा नाही होय?” तिचा चेहरा इतका उजळला होता की मलाही पटलं. तेराव्या वर्षी कोणाला पटणार नाही? मला तर साठाव्या वर्षीही पटत होतं. तिनं घरी येऊन त्याच संध्याकाळी जिवंतांची चिठ्ठी लिहिली आणि पानागिसचं नाव सगळ्यांच्या वर घातलं. पुन्हा मनुकांचा हंगाम आला, पुन्हा गेला. लोक शेवटी आडून आडून सुचवायला लागले की गेलेल्यांसाठी शिजवतात ते गहू मुलाच्या नावानं शिजवावेत, स्मरणाची प्रार्थना घालावी. एका शेजारणीनं तर गहू निवडूनच आणले. आईनं ते ताट तिच्याच दारात नेऊन ठेवलं आणि म्हणाली, “तुझ्या नवऱ्यासाठी शिजव. तोही कधी घरी नसतो.”

बाबा प्रतिमा रंगवायचे. मास्तर अनेस्तिस म्हटलं की चर्चच्या कमिट्यांमध्ये लोक ओळखायचे. शिर परत आलं तसं गावातल्या प्रत्येक चर्चला संत आंद्रियाची नवी प्रतिमा हवी झाली, आमच्या चर्चलाही झाली, आणि ऑक्टोबरात बाबांनी ती रंगवायला घेतली. त्यांचं काम स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत चाले. अंड्याचा पिवळा बलक एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर घोळवत कोरडा करायचा, मग चिमटीत उचलून खालून टोचायचा आणि वाटीत गळू द्यायचा, हे माझं काम. वर थेंबभर व्हिनेगर. पानागिस असता तर म्हणाला असता, “बाबा, संतांना रंगवताय की आम्लेट करताय?” रोज सकाळी अंडं टोचताना मला तो हे म्हणताना ऐकू यायचा आणि मी हसायचे, आणि बाबा विचारायचे नाहीत का हसलीस. आधी सगळा चेहरा गडद हिरवट तपकिरी रंगवायचा, मातीसारखा, आणि मग त्या अंधारातून थर देत देत उजेड वर आणायचा. गालांची हाडं, नाकाचा शेंडा, सर्वांत शेवटी डोळ्यांखालच्या दोन-तीन पांढऱ्या रेघा. बाबांचे वडील समुद्रापलीकडचं स्मिर्ना शहर जळताना दोन पोरं आणि प्रतिमांच्या नमुन्यांचं बाड घेऊन पळाले होते. भांडीकुंडी मागं राहिली, बाड मागं राहिलं नाही. “प्रेषितांमध्ये एकटा हाच न विंचरलेला,” बाबा रंगवता रंगवता सांगायचे. “बाकीचे कसे दाढी-केस नीट करून बसलेत. हा कोळी तो कोळीच. यालाच पहिल्यांदा बोलावलं देवानं. आणि यानं काय केलं? बसला नाही तिथं. धावत भावाकडे गेला, चल म्हणाला, भेटलाय तो आपल्याला. पुढं भाऊच मोठा झाला. स्वर्गाच्या किल्ल्या भावाच्या हाती, रोम भावाचं. याला काय मिळालं? आपलं पात्रास.” हे बोलून ते स्वतःशीच हसायचे. पात्रासच्या माणसाला पात्रासला नावं ठेवताना जो आनंद होतो तो.

मग ते मरणाची गोष्ट सांगायचे. त्या शरदात त्यांनी ती किती वेळा सांगितली असेल कोण जाणे, आणि दर वेळी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून. इथल्या रोमन सुभेदाराच्या बायकोनं संताचं ऐकलं आणि नवऱ्याच्या माडीवर जायचं बंद केलं, म्हणून सुभेदार चिडला, ही बाजू माझ्या वयाकडे बघून ते गुळमुळीत करून टाकायचे. तिरक्या क्रुसावर बांधला. खिळे नाही मारले, दोरखंडानं बांधला, म्हणजे मरायला वेळ लागावा. समुद्रकाठी, इथंच. दोन दिवस तो वरून लोकांशी बोलत होता, आणि लोक जेवायचं सोडून ऐकत होते. शेवटी गावच उठलं, सुभेदाराच्या दारात गेलं, म्हणालं, असला माणूस आम्ही मरू देणार नाही. सुभेदार घाबरला, सोडवायला स्वतः आला. “आणि संत काय म्हणाला?” बाबा ब्रश खाली ठेवायचे. “म्हणाला, आता मला सोडवू नका. मी निघालोय. तुमची माया कळते मला, पण मला जाऊ द्या.”

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. एकदा आई हातात पळी घेऊन दारात येऊन उभी राहिली. “न विचारता उतरवायला हवं होतं,” ती म्हणाली. “त्याला काय विचारायचं? दोन दिवसांचा उपाशी माणूस, काहीही बरळेल. दोर कापायचे आणि घरी आणून सूप पाजायचं.”

“पागोना, त्याची तयारी झाली होती.”

“तुझ्या संताला आई नव्हती वाटतं.”

बाबांनी ब्रश पुन्हा उचलला. ते तिच्याशी कधी भांडत नसत. मी दोघांच्या मध्ये बलकाची वाटी धरून बसले होते आणि मनातून आईच्या बाजूची होते. बिनतयारीचा, बारा पेन्सिली आणायला गेलेला माझा भाऊ, त्याला कोण सोडणार होतं? मला संताचा थोडा रागच आला होता. लोक इतकी गयावया करतायत आणि हा ताठ. आजही ती गोष्ट आठवली की पहिल्यांदा आईची पळी दिसते, मग क्रूस.

तीस नोव्हेंबरला सकाळी प्रतिमा चर्चमध्ये बसवली. आईनं त्या दिवशीही घावन तळले होते, पिठात नुसतं पाणी-मीठ घालून, कारण नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपास चालू. संत आंद्रियाच्या दिवशी ज्या घरात तळण होत नाही त्या घराचा तवा संत भोक पाडून ठेवतो, असं आमच्याकडे म्हणतात, आणि आईचा संतावर कितीही राग असला तरी तवा तिला प्रिय होता. चार ताटल्या वाढल्या, पानागिसच्या ताटलीत सर्वांत जास्त मध. मग आम्ही चर्चला गेलो. डाव्या खांबापाशी लाकडी मखरात प्रतिमा होती. नवे रंग, सोनेरी पार्श्वभूमी, चारी दिशांना उभे राहिलेले पांढुरके केस, थोडं पुढं झुकलेलं डोकं, जणू कोणी हाक मारली आणि तो वळला. आई पुढं गेली, थांबली, आणि दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली, “अनेस्ती, हा तर माझा पानागिस! म्हातारा करून ठेवलास रे त्याला, पण हा तोच.” तिनं प्रतिमेच्या हाताचं चुंबन घेतलं, एकदा, दोनदा, मागची रांग खोळंबली तरी हटेना. मी बाबांकडे पाहिलं. बाबा काही बोलले नाहीत. ना हो, ना नाही. ते नुसते तिच्यामागं टोपी हातात धरून उभे राहिले. म्हणजे हो, असं मी समजले. जिवंत माणसाचा चेहरा संताला द्यायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम होता, आणि तो त्यांनी मोडला होता, आमच्यासाठी. मी पुढं होऊन पाहिलं आणि मलाही दिसला. भुवईपाशी, ओठांच्या कोपऱ्यात, वेणी ओढायच्या आधीचं ते हसू. त्या दिवसापासून चर्च म्हणजे पानागिसच्या घरी जाणं झालं.

मी पोस्टात नोकरी धरली, पत्रं लावायच्या टेबलावर. लोकांना सांगायचे, पगार बरा आहे. एकतीस वर्षं परदेशी तिकिटांची पाकिटं माझ्या बोटांखालून गेली. एकोणऐंशीत बाबा गेले, आईनं त्यांचं नाव न थरथरता गेलेल्यांच्या चिठ्ठीत लिहिलं. अठ्ठ्याण्णवला ती स्वतः निघाली तेव्हा तिनं एवढंच बजावलं, “चिठ्ठीत पहिलं नाव. विसरशील तर बघ.” मी विसरले नाही. दर रविवारी लिहिलं, दर रविवारी डाव्या खांबापाशी जाऊन त्या हातावर ओठ टेकले आणि आठवड्यातलं काय ते सांगितलं. पूल झाला ते सांगितलं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. संताला सांगत होते की भावाला, असं कुणी विचारलं असतं तर? कुणी विचारलं नाही. आणि आता हा पोरगेला पाद्री विचारून बसला होता, आणि वर चेहराही पुसायला निघाला होता. त्या रात्री झोप कसली येते. धूर गेला आणि धुराबरोबर तो गेला तर? पण मग तो होता कुठं, रंगात की धुरात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. प्रतिमा टेबलावर आडवी ठेवली होती आणि एक पोरगी भिंगाचा चष्मा लावून तिच्यावर वाकली होती. दानाई तिचं नाव, अठ्ठावीस वर्षांची, अथेन्सला शिकून आलेली, दंडावर मासा गोंदवलेला. “मी मास्तर अनेस्तिसची मुलगी,” मी सांगितलं, “मी नुसती बसणार आहे.”

“बसा की. पण हात लावायचा नाही हं मावशी, नाहीतर तुम्हालाही पुसून काढीन.”

“मला पुसून काय निघणार?”

“काय सांगावं, खाली सोनं असेल.” ती कापसाचा बोळा काडीला गुंडाळायची, द्रावणात बुडवायची, नखाएवढ्या जागेवर फिरवायची, बोळा तपकिरी व्हायचा, टाकायची, नवा घ्यायची. कडेपासून सुरुवात केली होती. पहिल्या आठवड्यात झग्याच्या चुण्या निघाल्या. बाबांचा तो निळसर हिरवा, दगड खलून केलेला, मी विसरूनच गेले होते. मी रोज जायचे, तिला घरून पालकाची पोळी न्यायचे. बोलता बोलता तिला बलक कसा टोचायचा ते सांगितलं, स्मिर्नाहून आलेल्या बाडाचं सांगितलं. पानागिसचं नाही सांगितलं. हात निघाला, ज्याचं चुंबन घेऊन घेऊन रंग उडाला होता तो. मग ती गळ्यापाशी आली आणि मी म्हटलं, “चेहरा राहू दे ना.”

“अहो, चेहऱ्यासाठीच तर बोलावलंय मला.”

“थोडा धूर राहिला तर काय बिघडतं? लोकांना सवय झालीय.”

तिनं चष्मा वर सरकवला, माझ्याकडे पाहिलं. “मावशी, कशाला घाबरताय? मी बाबांच्या रंगाला धक्का लावत नाही. वरचं फक्त काढते, जे त्यांनी लावलेलं नाही ते.” तिला काय सांगणार? एका बोळ्यासरशी माझा भाऊ जाईल असं म्हणू? वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. ती कपाळापासून कामाला लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. दुपारी ती म्हणाली, “बघा आता.”

एक म्हातारा कोळी माझ्याकडे पाहत होता. कपाळावर तीन सरळ आठ्या, नाक लांब, डोळ्यांखाली उजेडाच्या बारीक रेघा, ओठ मिटलेले, हसूबिसू काही नाही. पहिल्या दिवशी ते हसू मी आईच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नंतर कोपऱ्यात साचलेल्या काजळीनं ते टिकवलं होतं. मी चष्मा पुसून पाहिलं, बाजूनं पाहिलं, उभी राहून पाहिलं. हा माणूस मी आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता. चांगला होता, थकलेला होता, वाईट काहीच नव्हता त्याच्यात, आणि तो पानागिस नव्हता. मी घरी गेले, बाबांची पेटी उघडली आणि बाड काढलं. नमुन्याचा कागद पिवळा पडला होता, रेषांवर सुईनं टोचलेली भोकं, खाली आजोबांच्या अक्षरात स्मिर्ना आणि साल, बाबांच्या जन्माच्याही आधीचं. मी तो कागद दानाईकडे नेला. तिनं तो प्रतिमेवर धरला, भिंग फिरवलं. “तंतोतंत,” ती खूश होऊन म्हणाली. “केसाची एक बट इकडची तिकडं नाही केली. काय शिस्तीचा माणूस हो तुमचे बाबा!”

शिस्तीचा माणूस. म्हणजे नियम त्यांनी मोडलाच नव्हता. त्यांनी आजोबांचा संत आंद्रिया रंगवला होता आणि आईनं त्यात मुलगा पाहिला होता, आणि ते टोपी हातात धरून उभे राहिले होते. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. पस्तीस दिवस राबून केलेल्या कामाकडे बघून बायको भलतंच काही म्हणते आणि हा माणूस ब्र काढत नाही. मला त्यांचा राग आला. एकसष्ट वर्षं मी एका परक्या म्हाताऱ्याला माझ्या दाढदुखीच्या कहाण्या सांगत होते! आणि त्यानं त्या ऐकून घेतल्या होत्या, हेही तितकंच खरं होतं. त्यानं कधी कशात चूक काढल्याचं मला आठवत नव्हतं. मला त्याच्यापुढं लाज वाटली. मी त्याच्याकडे कधी त्याच्यासाठी गेलेच नव्हते.

एकोणतीस तारखेला प्रतिमा मखरात परत बसवायची होती. पाठीमागं खिळ्यांनी ठोकलेलं कापड वाळवीनं खाल्लं होतं, ते दानाईनं सकाळीच काढलं आणि मला हाक मारली. “मावशी, मागं बाबांनी काहीतरी लिहिलंय. जुनं अक्षर आहे, मला लागत नाही.” मी गेले. लाकडावर ब्रशनं लिहिलेल्या चार ओळी होत्या, कापडामुळं काळ्याभोर राहिलेल्या. बाबांचं अक्षर मला अंधारातही लागलं असतं. मी मोठ्यानं वाचलं. “प्रभू, तुझा सेवक पानागिस याला विसावा दे. वय एकोणीस. नऊ सप्टेंबर एकोणीसशे चौसष्ट, समुद्रात. ज्यानं आपल्या भावाला तुझ्याकडे आणलं त्यानं माझ्या मुलालाही आणावं. त्याचा बाप, अनेस्तिस.”

तारीख होती. बोट कधी बुडाली हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं, आणि बाबांना होतं. कोणीतरी त्यांना येऊन सांगितलं असणार, बंदरावर बाजूला घेऊन, सव्वीस तारखेच्या आधी. म्हणजे घंटा वाजत होत्या आणि आई माझ्या कानात ओरडत होती तेव्हा ते तिचा दंड धरून, सगळं ठाऊक असून, तिच्या बुटांकडे पाहत उभे होते. म्हणजे ती गोष्ट, दार उघडं ठेवून सांगितलेली, जाऊ द्या मला, सोडवू नका, ती ते संताची सांगत नव्हते, आईला पानागिसची सांगत होते. सरळ सांगायची छाती झाली नाही. तिला जे सहन होईल ते पुढच्या बाजूला ठेवलं आणि जे खरं होतं ते भिंतीकडं तोंड करून. पंधरा वर्षं ते त्या मखरासमोर उभे राहिले, मुलाच्या थडग्यापुढं उभं राहावं तसे, आणि आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून तो येणार म्हणून बोलत होतो. एकटे, बाबा. केवढे एकटे.

“पानागिस कोण?” दानाईनं विचारलं.

“थांब जरा,” मी म्हटलं, “पेन दे तुझं.” पर्समध्ये उद्यासाठी कापून ठेवलेले दोन कागद होते. एकावर माझं एकटीचं नाव लिहिलं. जिवंतांत आता मीच उरले होते. दुसऱ्यावर बाबांच्या वर, आईच्या वर, सगळ्यांच्या आधी गेलेला म्हणून सगळ्यांत आधी, त्याचं लिहिलं. नीट लागेल असं लिहिलं, पाद्री थांबून वाचतो म्हणून.

“माझा भाऊ,” मी सांगितलं. “वारला.” हा शब्द मी त्याच्याबाबतीत उच्चारल्याचा आवाज माझ्याच कानांना अनोळखी वाटला.

पोरगीनं साल ऐकलं होतं, तरी वजाबाकी केली नाही. तिनं हातातला रबरी मोजा काढला, तो द्रावणाचा वास येणारा हात पुढं करून माझा हात धरला, आणि आमच्याकडे कुणाच्या घरी कुणी गेलं की त्याच दिवशी जाऊन जे म्हणतात ते म्हणाली. “तुम्हाला आयुष्य लाभो, मावशी. देव त्याला विसावा देवो.”

बाबांच्या वेळी हे मला शेकडो लोकांनी म्हटलं होतं, आईच्या वेळीही. पानागिससाठी आजवर कुणी आमच्या दारात आलं नव्हतं, आईनं येऊ दिलंच नव्हतं. मी तिथंच तिच्या स्टुलावर बसले आणि पहिल्या दिवशी रडतात तशी रडले.